संडासाशेजारचं घुबड

घुबडवाल्यांना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून कमी झाली होती आणि उरलेल्यांना ते नाव आठवत नव्हतं. धंदा बिजागऱ्यांचा. वडिलांनी कारखाना काढला तेव्हा प्रत्येक बिजागरीवर शिक्का मारायचं ठरवलं, आणि शिक्का निवडला घुबडाचा. घुबड उडताना पंखांचा आवाज करत नाही, मग आमच्या बिजागरीवर काय मोर काढू, असं त्यांचं म्हणणं. भल्याभल्यांनी समजावलं, की अहो, घुबड बघून लोक दार तोंडावर लावून घेतील. म्हातारा हट्टाला पेटला होता. घुबड राहिलं, कारखाना चालला, आणि मुलाला ते नाव जन्माचं चिकटलं.

आता तो मुलगाही सत्तरीला टेकला होता. बायको काही वर्षांपूर्वी गेली. कारखाना एकुलती एक लेक बघायची, आणि चांगला बघायची. ही गोष्ट घुबडवाले सगळ्या जगाला सांगत, फक्त लेकीला सांगत नसत. घरात दोघंच. घरातल्या एकूण एक दाराला अर्थातच घुबड होतं, त्यामुळे लेक सकाळी कामाला कधी निघाली आणि संध्याकाळी कधी परतली याचा त्यांना पत्ता लागायचा नाही. ओट्यावर विसळून ठेवलेला कप दिसला की समजायचं, आली होती, गेली. बायको म्हणायची, तुमच्या या घरात चोरांची मोठी सोय आहे. तेव्हा ते हसायचे. हल्ली खोलीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवताना त्यांना वाटायचं की एखादा चोर आला तरी चालेल, दोन शब्द तरी बोलेल.

वर्षातले चार दिवस मात्र त्यांचे होते. शहराबाहेरच्या मोठ्या सभागृहात घरबांधणीच्या सामानाचं प्रदर्शन भरायचं. नळ, कुलुपं, फरशा, रंग, गोंद आणि त्यात कुठेतरी एक टेबल मांडून घुबडवाले. ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या टेबलापुढे माणसं उभी राहायची. त्यांनी एक छोटी चौकट करून घेतली होती, कमरेएवढी, तिला एक छोटं दार. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "कान लावा." गिऱ्हाईक कान लावायचं. ते दार उघडायचे, मिटायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, काहीच ऐकू येत नाही. "तेच तर विकतोय," असं म्हणून घुबडवाले हसायचे आणि वर ठोकून द्यायचे, की घुबड कधी ओरडलं तर मी नाव बदलीन. एवढ्या एका विनोदावर त्यांनी आयुष्य काढलं. तो जुना झालाय हे सांगायची हिंमत शेजारच्या स्टॉलवाल्यांनाही झाली नाही.

पण प्रदर्शनाचीच तऱ्हा बदलली. आधी खरी गिऱ्हाइकं आटली. ती घरी बसून फोनवर बिजागऱ्या बघायला लागली. जे येत होते त्यात निम्मे पिशवीवाले, म्हणजे प्रत्येक स्टॉलवरून फुकटची कापडी पिशवी घ्यायची आणि पुढच्या स्टॉलवरची पिशवी तिच्यात घालायची. उरलेल्यांत कॉलेजची पोरं, दुसऱ्यांचा माल चोरून फोटोत घेणारे कारखानदार, आणि पाय दुखले म्हणून खुर्ची शोधणारे. मग स्टॉलवाल्यांनी नवी शक्कल काढली. माल दाखवायचा नाही, अनुभव द्यायचा. समोरच्या नळवाल्यानं भिंतभर पडदा लावून त्यावर धबधबा सोडला होता, आणि त्याच्याकडे बघायला एकही नळ नव्हता. कुलूपवाल्यानं डोळ्यांना लावायचे चष्मे आणले. ते घातले की माणूस म्हणे किल्लीच्या भोकातून आत शिरतो. लोक रांगा लावून शिरत होते. बाहेर आल्यावर कुलूप कोणाचं हे कोणाला सांगता येत नव्हतं, पण अनुभव आला होता. फरशीवाल्यांनी तर एक यंत्रमाणूस ठेवला होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायचा आणि अधूनमधून खांबालाही करायचा.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. स्टॉलचं भाडं दरवर्षी चढतंय, गिऱ्हाईक उतरतंय, आपण हे सोडू आणि सगळं ऑनलाइन करू. घुबडवाल्यांचं म्हणणंही सरळच होतं. बिजागरी बघायची वस्तू नाही, ऐकायची आहे, आणि न येणारा आवाज ऑनलाइन कसा ऐकवणार? यावर दोन महिने घरात घुमसत राहिलं. शेवटी एका सकाळी लेकीनं तह केला.

"या वर्षी शेवटचा प्रयत्न करू," ती म्हणाली. "एक पक्कं नवं गिऱ्हाईक आणा. एकच. आणलंत तर पुढच्या वर्षीही स्टॉल. नाहीतर बाबा, आता तुम्ही घरी शांत बसायचं."

शांत हा शब्द त्यांनी आयुष्यभर विकला होता. तो स्वतःला विकत घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. घुबडवाले बरं म्हणाले आणि खोलीत जाऊन छोट्या दाराची चौकट पुसायला बसले.

भाड्यात काटकसर म्हणून लेकीनं जो स्टॉल घेतला होता तो सभागृहाच्या पार टोकाला होता. एका बाजूला गोंदवाला. हा घुबडवाल्यांचा जुना दोस्त, धंद्यात फार चिकाटीचा नाही पण बोलण्यात सुटता सुटत नसे. दुसऱ्या बाजूला पुरुषांचं स्वच्छतागृह, ज्याला स्टॉलवाले सरळ संडास म्हणत. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत घुबडवाल्यांकडे पुष्कळ लोक आले आणि सगळ्यांनी एकच चौकशी केली. घुबडवाले हात लांब करून, "हे काय, इथेच," असं सांगत राहिले. गोंदवाला म्हणाला की तुझ्याइतकी गर्दी त्या धबधब्याकडेही नाही, फक्त आपला माल काय आहे हे एकदा ठरव.

आता लेकीनं बरोबर एक यंत्र दिलं होतं. प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात बॅज असतो, त्याच्यावर यंत्र धरलं की टिंग वाजतं आणि त्या माणसाचं नाव, धंदा, फोन नंबर थेट कारखान्यात लेकीसमोर. असा प्रत्येक टिंग म्हणजे एक होऊ घातलेलं गिऱ्हाईक. घुबडवाल्यांनी सकाळपासून दोनच टिंग केले होते, त्यातला एक गोंदवाल्याचा. दुपारी लेकीचा निरोप आला, बाबा, यंत्र चालू आहे ना?

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ घाईघाईनं आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. घुबडवाल्यांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. "सांगतो की," ते म्हणाले, "आधी जरा बॅज दाखवा." अडला हरी गाढवाचे पाय धरी. गृहस्थांनी बॅज पुढे केला, टिंग झालं, ते धावले. घुबडवाल्यांना आधी शरम वाटली, मग गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत शरम सरली आणि हात बसला. येणाऱ्याला आधी टिंग, मग दिशा. कोणी हुज्जत घातली नाही. त्या दाराकडे निघालेल्या माणसाला हुज्जत घालायला वेळ नसतो, हे सत्य त्यांना सत्तरीत उमगलं.

लेकीचा निरोप आला, बाबा, कमाल केलीत! तुमचे टिंग कुलूपवाल्यापेक्षा जास्त आहेत! असे उद्गार तिनं त्यांना याआधी कधीच पाठवले नव्हते. घुबडवाल्यांनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग गोंदवाल्यालाही वाचून दाखवला. गोंदवाला म्हणाला, "वाच, वाच. हे पाप जाणार आहे कुठे? माझ्या गोंदानं नाही चिकटलं तरी हे चिकटेल."

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी एक कंत्राटदार आला. खराखुरा. त्याला जायचं नव्हतं, यायचं होतं. शाळेची इमारत बांधतोय म्हणाला, दारं पुष्कळ आहेत. घुबडवाल्यांच्या अंगात तीस वर्षांपूर्वीचा वारा शिरला. चौकट पुढे ओढली आणि म्हणाले, "कान लावा." कंत्राटदारानं कान लावला. घुबडवाल्यांनी दार हळूच उघडलं. त्याच क्षणी शेजारी कोणीतरी संडासाचं दार ढकललं आणि ते दार असं काही किंचाळलं की कंत्राटदार कान चोळत मागे सरला.

"आवाज येतोय की," तो म्हणाला.

"तो शेजारचा," घुबडवाले म्हणाले. "पुन्हा लावा." कंत्राटदारानं संशयानं पुन्हा लावला. घुबडवाल्यांनी दार मिटलं. आतला माणूस बाहेर पडला. तीच किंकाळी. कंत्राटदार समजुतीनं हसला, माहितीपत्रक घेतलं, ते पिशवीत टाकलं आणि यंत्रमाणसाकडे गेला. पक्कं गिऱ्हाईक हातातोंडाशी येऊन गेलं, आणि तेही एका संडासाच्या दारानं घालवलं. घुबडवाल्यांना इतका संताप आला की दिवसभर त्यांनी टिंगसुद्धा नीट केले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना आत सोडायच्या आधीच ते पिशवीतून पेचकस आणि नमुन्याच्या नव्या बिजागऱ्या घेऊन निघाले. दार धरायला म्हणून गोंदवाल्याला ओढलं. तो येईना. म्हणाला, दुसऱ्याच्या संडासाचं दार उचकटताना पकडलो गेलो तर बायकोला काय सांगू? पण आला. दाराला तीन बिजागऱ्या, त्यांच्यावर रंगाचे थर बसलेले, जणू दाराबरोबर त्याही न्हाऊन निघाल्या होत्या. घुबडवाल्यांनी पेचकसानं स्क्रूंच्या खाचा मोकळ्या केल्या आणि वरची बिजागरी सोडवली. हातात घेऊन रंग खरवडला. खरवडता खरवडता थांबले.

रंगाखालून दोन गोल डोळे त्यांच्याकडे बघत होते.

गोंदवाल्यानं दार सांभाळत मान लांब केली. बघितलं. मग बराच वेळ त्याला हसू आवरेना, आणि दार धरलेलं असल्यामुळे दारही त्याच्याबरोबर हलत होतं. "घुबडवाले," तो म्हणाला, "आता नवं नाव काय ठेवायचं ते सांग, म्हणजे पाटी रंगवायला टाकतो."

शिक्का जुन्या साच्याचा होता, म्हणजे वडिलांच्या वेळचा माल. सभागृह बांधलं तेव्हा बसवलेला. कालपासून ज्या बिजागरीला ते मनातल्या मनात शिव्या घालत होते, तिच्या बापाला, आजोबाला, बनवणाऱ्या सात पिढ्यांना, त्या सगळ्या घरच्याच निघाल्या होत्या. त्यांनी मुकाट्यानं तिन्ही जुन्या बिजागऱ्या कोटाच्या खिशात घातल्या, नव्या बसवल्या, दार उघडून मिटलं. आवाज नाही. नेहमीसारखं समाधान मात्र वाटलं नाही. खिसा जड झाला होता आणि चालताना खुळखुळत होता.

त्या दिवशी सगळं कसं चिडीचूप होतं. घुबडवाले कान लावायला सांगत होते आणि ज्यांनी लावला त्यांना खरंच काही ऐकू येत नव्हतं. फक्त लावणारे नव्हते. एका वास्तुविशारद बाईंनी मन लावून ऐकलं, छान म्हणाल्या आणि विचारलं, की ही फोनला जोडता येते का? घुबडवाल्यांनी विचारलं, फोनला कशाला? त्या म्हणाल्या, दार उघडलं की फोनवर कळलं पाहिजे. घुबडवाल्यांना हे फार अडाणीपणाचं वाटलं. दार आवाज न करणारं घ्यायचं आणि मग ते उघडलं हे कळायला फोन घ्यायचा! हे गोंदवाल्याला ऐकवायला ते वळले, तर समोर सफाईवाली बाई उभी.

ही बाई दिवसभर स्वच्छतागृहामागच्या बोळात असायची. तिथे तिची बादली, फडकी, एक स्टूल आणि चहाचा थर्मास. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं की दाराला कोणी हात लावला? घुबडवाले म्हणाले, कुठल्या दाराला? बाईनं नुसतं त्यांच्या स्टॉलवरच्या बिजागऱ्यांकडे बोट केलं. तीन दिवसांत हजार माणसांना न दिसलेली घुबडाची बिजागरी तिला दोन्हीकडे बरोबर दिसली होती.

"छान केलंय की, बाई," घुबडवाले म्हणाले. "कटकट गेली ना कानाची."

"तुमच्या कानाची गेली," ती म्हणाली. "माझं काय? मी मागं बसते. दार ओरडायचं म्हणून कळायचं, आत माणूस आहे. आता दार मुकं केलंत. सकाळपासून दोनदा पोछा घेऊन आत शिरले, दोन्ही वेळा आत माणूस. त्याची पण फजिती आणि माझी पण. माझं दार होतं तसं करून द्या, काका."

घुबडवाल्यांनी आयुष्यात तक्रारी पुष्कळ ऐकल्या होत्या. स्क्रू सैल, माल उशिरा, डबे फाटके. पण बिजागरी आवाज करत नाही ही तक्रार घेऊन आलेलं हे पहिलंच माणूस. आणि तीन दिवसांत त्यांच्या मालात काय आहे आणि काय नाही हे नेमकं ओळखणारंही ती एकटीच. उद्या सकाळी बसवून देतो, असं त्यांनी कबूल केलं.

शेवटच्या दिवशी सकाळी ते स्टुलावर चढून वरची बिजागरी बसवत होते. हिशेब असा की तिघींपैकी एकच जुनी लावायची, ओरडायला एक पुरे, बाकी दोन नव्या राहू देत. गोंदवाला दार धरून उभा, बाई बादली घेऊन देखरेखीला. तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला.

"बाबा."

एवढाच शब्द होता, पण घुबडवाल्यांचा पेचकस घसरला. लेकीनं कालपासून टिंगवाल्यांना फोन लावले होते. प्रत्येकाला गोड आवाजात सांगितलं, आपण आमच्या स्टॉलला भेट दिलीत त्याबद्दल आभार. कोणी म्हणालं, कुठला स्टॉल? कोणी म्हणालं, बिजागरी काय असते? आणि एक जाडजूड आवाजाचे गृहस्थ म्हणाले, बाई, मी तिथे कशाला गेलो होतो हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? तिसऱ्या-चौथ्या फोनला तिच्या ध्यानात आलं. तरी ती सगळ्यांना फोन करत राहिली, कारण कारखान्यात ते टिंग ती स्वतःच सगळ्यांना दाखवत फिरली होती.

"तुम्ही मला खोटं पाडलंत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हरलो म्हणाला असतात तरी चाललं असतं."

घुबडवाले स्टुलावर उभे होते, खाली उतरावं की वरच राहावं हे त्यांना ठरवता येईना. चूक होती आणि ती कळत होती. चूक झाली असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात देखभाल बघणारे साहेब हातात वॉकीटॉकी घेऊन हजर. संडासाशी कोणीतरी तोडफोड करतंय अशी वर्दी त्यांना गेली होती, बहुधा कुलूपवाल्याकडून. सभागृहाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही असा नियम आहे, तुम्हाला पुढच्या वर्षी जागा मिळणार नाही, हे सगळं ते एका दमात बोलले.

"माल माझाच आहे, साहेब," घुबडवाल्यांनी वरूनच बिजागरी दाखवली.

साहेबांनी घुबड बघितलं. "म्हणजे? मी इथे लागलो तेव्हापासून जी बोंबलतेय, ती तुमची?" मागे थांबलेली माणसं हसली. तिथे माणसं थांबलेली होतीच, दार उघडं होईपर्यंत त्यांना इलाज नव्हता. "आणि तुम्ही वर्षानुवर्षं इथे टेबल मांडून सांगता, आवाज येत नाही? लाज वाटत नाही या वयात?"

आता बापावर ओरडायचा हक्क लेकीचा होता. तो ती दुसऱ्या कोणाला भाड्यानं द्यायला तयार नव्हती. ती पुढे झाली. बापाच्या हातातली बिजागरी घेतली आणि साहेबांच्या नाकासमोर धरली.

"हिला तेल शेवटचं कधी घातलंत?"

"तेल?" साहेब म्हणाले.

"रंग घातलात. एकावर एक, न काढता, सांध्यातसुद्धा. रोज शेकडो माणसं हे दार आदळतात, कोणी लाथेनं उघडतं. चौकट खालून कुजलीय, बघा. इतक्या वर्षांत दार लोंबकळलं? फरशीला घासलं? एकदा तरी कोणाच्या अंगावर पडलं? ओरडली असेल. पण दार सोडलं नाही तिनं."

थांबलेल्यांपैकी एकानं, त्याला खरं म्हणजे घाई होती, पुढे होऊन बिजागरी हातात घेऊन बघितली आणि वर घुबडवाल्यांना दिली. साहेबांचा आवाज थोडा उतरला. मग ओरडणारी परत कशाला बसवताय, असं त्यांनी विचारलं. तेव्हा सफाईवाल्या बाईनं कालचंच उत्तर पुन्हा दिलं. दार ओरडतं म्हणून कळतं साहेब, की कोणीतरी आलंय. नाहीतर मी मागं एकटी बसलेली, मला काय कळणार?

यावर साहेब हसले. लेक हसली नाही. ती बाईकडे बघत राहिली, मग स्टुलावरच्या बापाकडे. घुबडवाले तिची नजर चुकवून स्क्रू पिळत होते.

साहेब जाता जाता म्हणाले, की जागेचं काय ते मी बोलतो, आणि सभागृहातल्या बाकी दारांचं एक कोटेशन देऊन ठेवा. दुपारी लेक घरी गेली नाही. तिनं चौकट पुढे ओढली आणि स्वतःच लोकांना कान लावायला सांगू लागली. शेजारचं दार किंचाळलं की ती म्हणायची, "तीही आमचीच. आजोबांच्या वेळची. तेल न घालता." लोक थांबायचे, हसायचे, जाऊन ते दार ढकलून यायचे. नळवाल्याच्या धबधब्यापुढचे काही जण उठून इकडे आले. घुबडवाले मागे खुर्चीत बसून बघत होते. आपल्यापेक्षा ही जास्त बरं विकते, हे त्यांना दिसलं. वाईटही वाटलं आणि छाती भरूनही आली, आणि दोन्हीपैकी आधी कुठलं हे सांगता आलं नसतं.

गर्दी ओसरल्यावर तिनं विचारलं, "बाबा, खरं सांगा. साहेबांचं कोटेशन म्हणजे पक्कं गिऱ्हाईक का?"

हो म्हणणं सोपं होतं. सभागृहाची दारं पुष्कळ, साहेब स्वतः म्हणालेले, साक्षीला गोंदवाला.

"नाही," घुबडवाले म्हणाले. "कोटेशन द्या म्हणजे, आता तुम्ही निघा. या धंद्यात ते आदरानं म्हणतात, एवढंच. हरलो मी. आणि ते टिंग... चूक झाली माझी. तू कमाल केलीत म्हणालीस ना, मग थांबवेना."

प्रदर्शनाची रीत अशी की शेवटच्या दुपारी आयोजकांचा माणूस सभागृहाचा नकाशा घेऊन फिरतो आणि जुन्या स्टॉलवाल्यांना पुढच्या वर्षीची जागा आधी निवडू देतो. तो आला तेव्हा घुबडवाले मान खाली घालून छोटं दार कागदात गुंडाळत होते. प्रवेशदाराजवळची एक चांगली जागा सुटतेय, असं तो म्हणाला. लेकीनं नकाशा घेतला, सही केली आणि परत दिला. माणूस चकित झाला. म्हणाला, इथलीच? संडासाशेजारची? विचार करा.

"केलाय," लेक म्हणाली. "सगळ्यांना एकदा तरी यावंच लागतं." मग बापाकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण दोघं. टिंगचं यंत्र माझ्या हातात."

घुबडवाल्यांनी दार गुंडाळायचं काम फार बारकाईनं चालू ठेवलं. गोंदवाला काहीतरी बोलणार होता, पण त्यांच्याकडे बघून त्यानं ते पुढच्या वर्षावर ढकललं. उरलेल्या दोन जुन्या बिजागऱ्या लेकीनं मागून घेतल्या. कशाला, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. कारखान्यात मांडून ठेवायच्या असतील, असं त्यांना वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी ते आंघोळ करून उघड्या दारातून खोलीत आले, खुर्चीत बसले आणि शब्दकोडं उघडलं. आडवे शब्द अर्धे झाले होते. तेवढ्यात त्यांच्या खोलीचं दार असं किंचाळलं की हातातलं पेन उडालं. दारात लेक उभी होती, खांद्याला पर्स, हातात चपला.

"येते हो, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी दाराकडे बघितलं. वरच्या बाजूला, खरवडलेल्या रंगातून, दोन गोल डोळे. खाली फरशीवर लाकडाचा थोडा भुसा पडला होता. मग ते म्हणाले की स्क्रू तिरका बसलाय.

"असू दे," लेक म्हणाली. "आणि तेल घालायचं नाही."

तिनं दार ओढून घेतलं. मिटताना दार पुन्हा तसंच ओरडलं, आणि घुबडवाल्यांना कळलं, ती गेली.